अंगीचा गुण आणि जीवनाचे प्रयोजन

प्राथमिक शिक्षणाचा हेतू लेखन, वाचन व गणित एवढ्यापुरता मर्यादित नाही, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. मुलाच्या अंगी जे गुण असतील त्यांचा विकास व्हावा आणि त्या गुणांच्या आधारे त्याने पुढे स्वतःचे व समाजाचे जीवन समृद्ध करावे, असे अभ्यासक्रमांच्या प्रस्तावनांतून सांगितलेले असते. प्रगतिपुस्तकात त्यासाठी ‘आवड व छंद’ असा रकानाही ठेवलेला असतो. ‘चित्रे काढण्याची आवड आहे’, ‘गाणी म्हणते’, ‘मातीकाम करतो’ अशा नोंदी सत्राच्या अखेरीस त्यात होतात. नोंद होते, स्वाक्षरी होते आणि पुस्तक कपाटात जाते. त्या आवडीचे पुढे काय झाले, हे विचारणारा रकाना मात्र नसतो.

या न विचारलेल्या प्रश्नाचाच येथे विचार करावयाचा आहे. अंगी गुण असणे ही एक गोष्ट आणि त्या गुणामुळे जगण्याला प्रयोजन लाभणे ही दुसरी गोष्ट. पहिलीपासून दुसरी आपोआप निष्पन्न होत नाही. गुण जेव्हा दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडतो, दुसऱ्याच्या आनंदाचे कारण होतो, तेव्हाच तो असणाऱ्याला ‘आपण कशासाठी आहोत’ याची जाणीव होऊ लागते. आणि पुष्कळदा असे दिसते की, गुणाला लोकांपर्यंत नेणारी वाट कोणीतरी दुसऱ्यानेच प्रथम दाखविलेली असते. महाराष्ट्रातील तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

१. टिपून घेणारा हात

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणीच लग्न झाले, ऐन तिशीत वैधव्य आले, मुलांचा व शेतीचा भार अंगावर पडला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु जात्यावर बसल्या असता, शेतात राबत असता, सण-उत्सव चालू असता त्यांच्या मुखातून त्यांच्या लेवा गणबोलीतच ओव्या सहज उमटत. शेत, पीक, पाऊस, घरातील साध्या वस्तू, माणसाचे मन, संसारातील सुखदुःख हे सारे त्यांच्या गाण्यांचे विषय होते.

ही गाणी लोकांसमोर यावीत असा हेतू त्यांच्या मनात असल्याचे दिसत नाही. दळण सरले की गाणेही सरत असे. बहिणाबाईंचे पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी होते. त्यांनी व घरातील एका आप्ताने यांपैकी काही गाणी ऐकता ऐकता लिहून घेतली. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्रे यांच्या हाती पडली. त्या काव्याचे मोल त्यांनी तत्काळ ओळखले आणि १९५२ साली अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. पुढे शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून ती गाणी महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले.

या कथेत शिक्षकाने लक्षात घ्यावयाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, जे लिहिले गेले तेवढेच राहिले. जी गाणी शेताच्या बांधावर उमटली आणि त्या वेळी कोणी टिपून घेणारे जवळ नव्हते, ती कायमची गेली. किती गेली याचा हिशेब आता कोणालाही करता येणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बहिणाबाई निरक्षर होत्या याचे कौतुक करण्याची एक पद्धत आपल्याकडे पडली आहे. प्राथमिक शिक्षकाने त्या कौतुकात वाहून जाऊ नये. त्यांची प्रतिभा निरक्षरतेमुळे फुलली नाही. निरक्षरता असूनही ती फुलली. त्यांच्या हाती लेखणी असती तर त्यांच्या गाण्यांना दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागली नसती. अक्षरज्ञान म्हणजे आपल्या मनात उमटलेले आपणच टिपून ठेवण्याची शक्ती होय. पहिलीच्या वर्गात मुळाक्षरे गिरवून घेणारा शिक्षक ही शक्ती मुलाच्या हाती देत असतो. म्हणून गुणविकास आणि लेखन-वाचन यांत विरोध मानण्याचे कारण नाही. दोन्हींचे ध्येय एकच आहे.

२. कोरा कागद देणारा माणूस

दुसरे उदाहरण डहाणू-तलासरी भागातील, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील आहे. वारली समाजात लग्नप्रसंगी भिंतीवर चौक लिहिण्याची रीत पूर्वापार चालत आली आहे. कुडाची भिंत शेणामातीने सारवावी, तिला गेरू द्यावा आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने बांबूच्या काडीने देवचौक व लग्नचौक लिहावा, असा हा विधी. तो परंपरेने सुवासिनींचा. लग्न पार पडले की चित्राचे कार्य संपले. पुढे ते भिंतीबरोबर झिजून जाई.

अशा समाजात १९३४ च्या सुमारास जिव्या सोमा मशे यांचा जन्म झाला. लहान वयातच आई गेली आणि त्या आघाताने मुलाची वाचा जणू थिजली. तो कोणाशी बोलेनासा झाला. जे सांगावयाचे ते धुळीत बोटाने रेखाटून सांगू लागला. एखाद्या शाळेत असे मूल आले असते तर त्याच्या नावापुढे कोणता शेरा पडला असता, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने मनाशी करून पाहावा.

पुढे मशे यांनी स्त्रियांकडे असलेली ही चित्रविद्या आपलीशी केली आणि लग्नविधीपुरती मर्यादित न राहता ते निसर्ग, शेती, मासेमारी, तारपानृत्य, लोककथा असे सारे जीवन चितारू लागले. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी नावाचे एक चित्रकार शासनाच्या हस्तकलाविषयक कामासाठी या भागात फिरत होते. हेच कुलकर्णी त्यापूर्वी १९६६–६७ च्या दुष्काळानंतर बिहारातील मधुबनीच्या परिसरात गेले होते आणि तेथील स्त्रियांना त्यांनी भिंतीवरची चित्रे कागदावर काढावयास उद्युक्त केले होते. दुष्काळाने पिडलेल्या घरांना त्यातून चार पैसे मिळावेत हा त्यामागील हेतू होता. वारली पाड्यांवरही त्यांनी तेच केले. मशे यांच्या हाती कागद आला. भिंत जागची हलत नाही. कागद मात्र गावोगाव जाऊ शकतो. मशे यांची चित्रे मुंबईत गेली, परदेशांतील प्रदर्शनांत गेली. २०११ साली त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. २०१८ साली ते निवर्तले, तोवर त्यांचे पुत्र चित्रकार म्हणून उभे राहिले होते आणि पाड्यापाड्यांतील कितीतरी तरुण ही कला शिकून तिच्यावर उपजीविका करू लागले होते.

येथे मशे यांच्याबरोबरच कुलकर्णी यांचेही स्मरण ठेवणे उचित होय. ते स्वतः चित्रकार होते. आपली चित्रे काढीत बसले असते तर त्यात कोणी दोष दिला नसता. परंतु दुसऱ्याच्या भिंतीवरील चित्र पाहून ते थांबले, त्यांनी त्याची योग्यता ओळखली आणि काढणाऱ्याच्या हाती साधन दिले. ‘असे काढा, तसे काढू नका’ असा उपदेश करण्यापेक्षा कागद पुढे ठेवणे त्यांनी अधिक महत्त्वाचे मानले. चित्रकाराच्या डोळ्यांचा असाही उपयोग असतो, आणि शिक्षकाच्या व्यवसायाला तो सर्वांत जवळचा आहे.

३. शाळा मुलांकडे जाते

तिसरे उदाहरण याच डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवरचे असून ते दोन शिक्षिकांचे आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. अनुताई वाघ (१९१०–१९९२) या बालपणीच विधवा झालेल्या. प्रतिकूल परिस्थितीत शिकून त्या शिक्षिका झाल्या. १९४५ साली ताराबाईंनी ग्रामीण बालशिक्षणासाठी बोर्डी येथे केंद्र सुरू केले तेव्हा अनुताई त्यांच्याबरोबर गेल्या. १९५७ साली हे कार्य कोसबादला नेण्यात आले.

तेथील आदिवासी मुले शाळेत येत नसत. याचे कारण आळस किंवा मंदबुद्धी हे नव्हते. मोठ्या मुलाला गुरे राखावी लागत आणि मुलीला धाकटे भावंड कडेवर घेऊन बसावे लागे. या दोघींनी ही अडचण तक्रारीचा विषय न करता रचनेचा विषय केला. मुले अंगणात होती म्हणून शाळा अंगणात गेली. मुले कुरणात गुरांमागे होती म्हणून कुरणात वर्ग भरला. भावंडांसाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी आणि तिला लागून प्राथमिक शाळा, अशी ‘विकासवाडी’ची कल्पना त्यांनी प्रत्यक्षात आणली. माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्यात परवडणारी नव्हती. तेव्हा बिया, शिंपले, खडे, पाने, माती, बांबूचे तुकडे यांतूनच मोजण्याची, जुळविण्याची व रंग ओळखण्याची साधने तयार झाली. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. तो आज प्रत्येक खेड्यात बोलला जातो.

सर्जनशीलता म्हणजे केवळ चित्र, गाणे व नाट्य, असा समज सर्वत्र आढळतो. कोसबादचे उदाहरण हा समज दूर करते. जी अडचण रोज डोळ्यांसमोर आहे तिच्यातून, हाताशी असलेल्या साहित्यानेच, आजवर नव्हती अशी वाट काढणे हीदेखील सर्जनशीलताच होय. अनुताईंनी मुलांसाठी व शिक्षकांसाठी पुष्कळ लेखन केले. परंतु त्यांची सर्वांत मोठी रचना म्हणजे ती टेकडीवरची शाळाच होती. आयुष्याची सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी त्या टेकडीवर व्यतीत केली. त्यांना जीवनाचे प्रयोजन कोठे सापडले, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

४. तिन्ही उदाहरणांचा बोध

वरील तिन्ही ठिकाणी एक समान क्रम दिसून येतो. प्रथम गुण दिसावा लागतो. मग त्याला साधन मिळावे लागते. कोठे ती वही असते, कोठे कागद, कोठे शिंपले आणि बिया. शेवटी तो गुण कोणाच्या तरी उपयोगी पडावा लागतो. पहिल्या पायरीवर थांबले तर कौतुक होते आणि विसरले जाते. दुसऱ्या पायरीवर थांबले तर छंद होतो. तोही वाईट नव्हे, परंतु तो माणसाला एकटे ठेवतो. तिसऱ्या पायरीवर मात्र गुणाचे रूपांतर कार्यात होते. प्रयोजन आधी ठरवून मग गुण शोधला जात नाही. गुण वाटता वाटता प्रयोजन हाती लागते. म्हणून ‘तू मोठेपणी कोण होणार?’ या प्रश्नापेक्षा ‘तुला जे येते ते आज कोणाला देशील?’ हा प्रश्न लहान मुलासाठी अधिक योग्य ठरतो.

५. शाळेत करावयाचे काम

(अ) पाहणे. गुण बहुधा तासाला दिसत नाही. तो मधल्या सुट्टीत, शाळेच्या वाटेवर, शेतात व घरी दिसतो. जे मूल न सांगता एखादी गोष्ट पुनःपुन्हा करते, प्रत्येक वेळी तीत थोडी सुधारणा करते आणि ती करताना भूक-तहान विसरते, तेथे गुण आहे असे समजावे. वर्गात मागे बसणारी, कमी बोलणारी मुले याबाबतीत विशेष लक्षपूर्वक पाहावीत.

(आ) नेमकी नोंद करणे. ‘चित्रकलेची आवड आहे’ ही नोंद कोणत्याही मुलाला लागू पडते, म्हणून ती कोणाचीच नसते. त्याऐवजी ‘बैलाचे पाय चालताना कसे दिसतात हे पाहून मातीचे बैल करतो, आजोबांकडून शिकला’ अशी नोंद असावी. पुढील इयत्तेच्या शिक्षकास त्यावरून मूल ओळखता येते.

(इ) साधन देणे. खर्चाची आवश्यकता क्वचितच असते. पाठकोरे कागद, कोळसा, गेरू, चिकणमाती, जोंधळ्याची ताटे, चिंचोके, जुने कापड, सुतळी एवढ्यावर पुष्कळ काम होते. गावातील सुतार, कुंभार, भजनी मंडळी, ओव्या जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया ही तर जिवंत साधने होत. महिन्यातून एकदा शनिवारच्या शाळेत त्यांपैकी एकास सन्मानाने बोलवावे.

(ई) उपयोगाची जागा दाखविणे. ही पायरी सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. ज्याचे मातीकाम चांगले आहे त्याने पहिलीच्या मुलांसाठी अक्षरे व मणी करावेत. जिला आजीच्या ओव्या येतात तिने त्या परिपाठात म्हणाव्यात आणि ज्यांचे अक्षर चांगले आहे त्यांनी त्या वहीत उतरवून घ्याव्यात. यात दोन गुण एकमेकांना भेटतात. जो गोष्ट रंगवून सांगतो त्याने आठवड्यातून एक दिवस अंगणवाडीतील बालकांना गोष्ट सांगावी. ज्याला झाडांची माहिती आहे त्याने शाळेच्या आवारातील झाडांच्या नावांच्या पाट्या करून घ्याव्यात. काम लहान असावे, परंतु ते खरे असावे. म्हणजे ते न झाल्यास कोणाचे तरी अडले पाहिजे. अशा कामातून मुलाला जी प्रतिष्ठा लाभते ती बक्षिसाने लाभत नाही.

६. काही सावधगिरीच्या सूचना

स्नेहसंमेलनातील स्पर्धा म्हणजे गुणविकास असे मानू नये. स्पर्धेत एकाचा गुण दिसतो आणि उरलेल्यांचा झाकला जातो.

ज्या मुलाचे अक्षर चांगले आहे त्याच्याकडून वर्षभर फलकच लिहून घेणे, जी मुलगी गाते तिला प्रत्येक पाहुण्यासमोर उभे करणे, हे गुणाचा विकास करणे नव्हे. तो गुण राबविणे होय. मुलाने स्वखुशीने दिले तरच ते देणे ठरते.

आज शाळांच्या भिंतींवर वारली पद्धतीची चित्रे पुष्कळ ठिकाणी दिसतात. ज्या गावी ही कला जाणणारी कुटुंबे आहेत तेथे चित्र बाहेरच्या रंगाऱ्याकडून काढून घ्यावयाचे आणि त्या घरातील मुलाने ते दुरून पाहत राहावयाचे, असे घडू नये. प्रथम त्या मुलाला व त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

‘याच्यात काहीच गुण नाही’ असे ज्याच्याविषयी वाटते, त्याच्याबाबत आपली पाहणी अपुरी आहे असे समजावे. रडणाऱ्या भावंडास शांत करणे, खेळात भांडण मिटविणे, आजारी सोबत्याचा गृहपाठ न विसरता पोहोचविणे, गुरांचे दुखणे ओळखणे हेही गुणच आहेत. त्यांना रंगमंच लागत नाही, म्हणून ते नजरेतून निसटतात.

शेवटची सूचना अशी की, मुलाचा गुण ओळखून त्याचे भवितव्य शिक्षकाने ठरवून टाकू नये. आज मातीचे बैल करणारा उद्या शेतकरी होईल, शिल्पकार होईल किंवा पशुवैद्य होईल. वाट त्याची आहे. शिक्षकाने केवळ दार उघडे ठेवावयाचे आहे.

७. शिक्षकाचा स्वतःचा गुण

जो स्वतःचा गुण वापरत नाही त्याला दुसऱ्याचा गुण दिसणे कठीण जाते. शिक्षकांमध्ये उत्तम पेटी वाजविणारे, कलमे बांधणारे, नकला करणारे, कविता लिहिणारे लोक असतात. अहवाल, तक्ते, माहितीपत्रके आणि शाळेबाहेरची कामे यांच्या रेट्याखाली हा गुण काही वर्षांत मागे पडतो आणि मग नोकरी उरते, व्यवसाय उरत नाही. ही हानी शिक्षकाची आहे, तशीच ती त्याच्या विद्यार्थ्यांचीही आहे.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वहस्ते लिहून काढीत. छापखाना नाही, वर्गणीदार नाहीत. वाचक म्हणजे समोरची मुले. पुढे १९३३ साली नाशिकच्या कारागृहात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. मुलाच्या मनाशी थेट बोलणारी ती भाषा वसतिगृहातील त्या मुलांच्या सहवासात घडली होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. त्यांनी मुलांना दिले आणि देता देता त्यांचा स्वतःचा गुण पूर्णत्वास गेला.

विद्या दिल्याने वाढते असे आपण नेहमी म्हणतो. गुणाची गोष्ट याहून एक पाऊल पुढची आहे. न दिलेली विद्या निदान पुस्तकात शिल्लक राहते; न दिलेला गुण मात्र माणसाबरोबर संपतो. प्रत्येक वर्गात अशी एक-दोन मुले असतात की ज्यांच्या गुणाला पहिली वही किंवा पहिला कागद शाळेनेच द्यावयाचा असतो, कारण घरी तो देणारे कोणी नसते. त्या मुलांची शाळेतील वर्षे मोजकी आहेत. ती उलटण्यापूर्वी त्यांच्याकडे पाहणे, हे प्राथमिक शिक्षकाचे कर्तव्य आहे आणि त्याच्या स्वतःच्या जीवनाचे प्रयोजनही बहुधा तेथेच आहे.

केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील कोणत्याही पाच विद्यार्थ्यांची ‘आवड व छंद’ या रकान्यातील नोंद वाचा. नाव झाकल्यास त्या नोंदीवरून विद्यार्थी ओळखता येतो का?

२. गेल्या वर्षी अशी नोंद झालेल्या एका विद्यार्थ्याच्या गुणाला शाळेत उपयोगाची कोणती जागा मिळाली?

३. गावातील कोणत्या व्यक्तींची गाणी, कला किंवा माहिती अद्याप कोणीही टिपून घेतलेली नाही? ते काम कोणत्या इयत्तेचे विद्यार्थी करू शकतील?

४. शिक्षकाने स्वतःचा कोणता गुण सेवेत आल्यापासून बाजूला ठेवला आहे? तो आठवड्यातील कोणत्या तासाला पुन्हा वर्गात आणता येईल?